पिपेट खाली ठेवताना: लॅबमधून डॉक्टरकीकडे जाण्याचा रस्ता

पोटॅशियम ६.८. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर आकडा लाल रंगात चमकतोय. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असावं लागतं, ६.८ खरं असेल तर हृदयाची लय कधीही बिघडू शकते.

तुम्ही लॅबमधून आलेले असाल तर तुमच्या मनात आधी सॅम्पल येतं. सुई फार बारीक होती का? सिरिंज जोरात ओढली का? ट्यूब हलवली का? तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा खोटाच वर जातो. हिमोलाइज झालेलं सॅम्पल, दुसरं काय! शंका रास्त आहे. पण त्या शंकेनंतर लॅबमध्ये एक वाक्य उच्चारलं जातं आणि वॉर्डात दुसरं. लॅबमध्ये म्हणतात, "रिजेक्ट करा, नवीन मागवा." वॉर्डात म्हणतात, "नवीन पाठवा, आणि तोवर ईसीजी काढा. आत्ता." ईसीजीत टी-वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटची लाट, उंच आणि टोकदार झालेल्या दिसल्या, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता शिरेतून कॅल्शियम द्यायचं असतं.

संशोधन सोडून मेडिकलला जाण्यात नेमकं काय बदलतं, असं कुणी विचारलं की याच वाटेनं आलेली मी हेच उदाहरण देते. शंका घ्यायची सवय तुमच्याबरोबर येते, शंका फिटेपर्यंत थांबायची मुभा मात्र मागेच राहते. प्रवेश परीक्षा, वय, मुलाखत, पैसा यांचं बघता येतं. हा बदल पचवायला खरा वेळ लागतो.

ही वाट नवी नाही

फ्रान्सिस केल्सी यांचं नाव थॅलिडोमाइडमुळे ऐकलेलं असतं. हे झोपेचं औषध गरोदर बायकाही मळमळीसाठी घेत, आणि त्यानं पोटातल्या बाळांत व्यंग निर्माण झालं. शिकागोला त्यांनी १९३८ मध्ये औषधशास्त्रात पीएचडी केली. त्याच्या आदल्याच वर्षी सल्फानिलामाइडचं एक गोड पातळ औषध पिऊन अमेरिकेत शंभरावर माणसं दगावली होती. विषारी द्रावक कुठला, हे प्राण्यांवर तपासण्याच्या कामात केल्सी विद्यार्थिनी म्हणून होत्या. पुढे युद्धकाळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना क्विनाइन गाभण सशिणीत आणि गर्भात सारखं वागत नाही, हे त्यांनी पाहिलं. एमडी, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी, त्यांनी १९५० मध्ये घेतली, म्हणजे पीएचडीनंतर बारा वर्षांनी. १९६० मध्ये त्या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत रुजू झाल्या आणि लगेचच थॅलिडोमाइडची फाइल त्यांच्या टेबलावर आली. कंपनी परवानगीसाठी मागे लागली होती. केल्सी प्रत्येक वेळी आणखी माहिती मागत राहिल्या. १९६१ च्या अखेरीस युरोपातून व्यंग असलेल्या बाळांच्या बातम्या पक्क्या झाल्या, तोवर अमेरिकेत ते औषध बाजारात आलेलं नव्हतं. त्या चिवटपणात मला पीएचडी आणि एमडी दोन्ही दिसतात. त्यातलं एक काढून घेतलं असतं तर ती फाइल तितकी अडली असती का, कुणास ठाऊक.

दुसरं नाव फ्रान्सिस कॉलिन्स यांचं. येलमधून १९७४ मध्ये भौतिक रसायनशास्त्रात पीएचडी, नॉर्थ कॅरोलायनातून १९७७ मध्ये एमडी. १९८९ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराचा जीन शोधणाऱ्यांत ते होते आणि १९९३ पासून अमेरिकेतल्या मानवी जीनोम प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे आली.

ही मोठी माणसं झाली. आपण सगळे केल्सी होत नसतो. पण दोघांनीही लॅब टाकून दिली नव्हती, ती बरोबर घेऊन गेले होते, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दार कुठल्या बाजूनं उघडतं

जगभरात याच्या ढोबळ दोन पद्धती आहेत. काही देश मेडिकलला शाळेनंतर लगेच घेतात, काही पदवीनंतर. तुमच्या हातात एमएस्सी किंवा पीएचडी आहे, तेव्हा तुम्ही कुठल्या देशात अर्ज करता यावर बरंच काही ठरतं.

अमेरिकेत पदवीनंतरच प्रवेश मिळतो, अभ्यासक्रम ४ वर्षांचा. परीक्षा एमकॅट, गुण ४७२ ते ५२८ च्या मध्ये. तिचे चार भाग असतात. रसायन-भौतिक आणि जीवशास्त्राचे भाग लॅबवाल्यांना जड जात नाहीत, मानसशास्त्र-समाजशास्त्राचा भाग वाचून होतो. घोडं अडतं ते उतारा वाचून उत्तरं देण्याच्या भागात. ९ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं. विषय तत्त्वज्ञान, कला, इतिहास असे काहीही, आणि बाहेरचं ज्ञान अजिबात वापरायचं नाही. वर्षानुवर्षं पेपरातला आलेख आधी बघून मग मजकुराकडे वळणाऱ्या माणसाला हे अवघडच. शिवाय अर्ज भरण्यापासून वर्गात बसण्यापर्यंत वर्षाहून जास्त काळ जातो, तो हिशेबात धरायला लोक विसरतात.

ब्रिटनमध्ये नेहमीचा कोर्स ५ किंवा ६ वर्षांचा. पदवीधरांसाठी ४ वर्षांचा जोरकस कोर्स आहे, तो तिथे २००० मध्ये सुरू झाला. त्यासाठी यूकॅट किंवा गॅमसॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एका वर्षात मेडिसिनसाठी जास्तीत जास्त ४ ठिकाणी अर्ज करता येतो आणि मुदत ऑक्टोबरच्या मध्यालाच संपते. ऑस्ट्रेलियात पदवीनंतरच्या मेडिकल कोर्सची सुरुवात १९९६ मध्ये फ्लिंडर्स विद्यापीठानं केली. तिथल्या गॅमसॅटमध्ये विज्ञानाबरोबर निबंधही लिहावे लागतात. कॅनडातल्या मॅकमास्टरचा कोर्स तर ३ वर्षांचाच आहे, आणि तिथे एमकॅटचा फक्त तो उतारा वाचनाचा भाग बघतात. म्हणजे तुमचं विज्ञान त्यांनी गृहीत धरलेलं असतं. तुम्ही दुसऱ्याचं म्हणणं नीट वाचता का, हे त्यांना हवं असतं.

भारतात गोष्ट वेगळी आहे. एमबीबीएस बारावीनंतरचं, साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. एमएस्सी-पीएचडीवाल्यांना मधल्या वर्षात घ्यायची सोय नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबर 'नीट' या प्रवेश परीक्षेला बसायचं: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, १८० प्रश्न, ७२० गुण. पूर्वी वयाची वरची अट होती, ती २०२२ मध्ये काढली गेली, म्हणून तिशीतला माणूसही आता बसू शकतो. पण पीएचडीचा विषय बायोकेमिस्ट्री असला तरी पहिल्या वर्षाची बायोकेमिस्ट्री चुकत नाही. अक्षरशः पुन्हा श्रीगणेशा.

आता वयाचं गणित मांडू. समजा पीएचडी तिसाव्या वर्षी झाली. अमेरिकेत बत्तिसाव्या वर्षी कोर्सला लागलात तर छत्तिसाव्या वर्षी पदवी. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, ३ वर्षांची, म्हणजे एकोणचाळीस. न्यूरोसर्जरी करायची तर ७ वर्षं, म्हणजे त्रेचाळीस. ब्रिटनमध्ये एकतिसाव्या वर्षी सुरुवात, ४ वर्षं कोर्स, २ वर्षं फाउंडेशन (पदवीनंतरचं पहिलं प्रशिक्षण) आणि जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होण्यासाठी आणखी ३, म्हणजे चाळीस. भारतात एकतिसाव्या वर्षी प्रवेश मिळाला तर एमबीबीएस साडेछत्तिसाव्या वर्षी, आणि पुढे ३ वर्षांचं एमडी (इथे ते एमबीबीएसनंतरचं) लगेच मिळालं तरी साडेएकोणचाळीस. कुठूनही गेलात तरी चाळिशीच्या आसपासच पोचता. चाळीस वर्षं काय, तशीही होणारच आहेत, हे वाक्य या चर्चेत कुणीतरी टाकतंच. ते खोटं नाही. फक्त मधल्या काळात पगार नसणं, कर्ज, मूल कधी, आईवडिलांचं आजारपण कोण बघणार, हे त्या वाक्यात कुठेच बसत नाही.

"मग संशोधन का सोडलंत?"

हा प्रश्न मुलाखतीत येणारच. आणि आपल्या मनातही तो असतोच, फक्त आपण तो टाळत असतो.

लॅबला कंटाळलेली माणसं मला भेटतात. तीन वर्षांचा प्रयोग फसलेला, पेपर तिसऱ्यांदा परत आलेला, गाइड बोलत नाही, पुढच्या वर्षीची फेलोशिप नक्की नाही. अशा वेळी मेडिकल म्हणजे सुरक्षित बंदर वाटतं: निदान काम मिळेल, निदान माणसं भेटतील. ही सगळी लॅब सोडण्याची कारणं झाली, डॉक्टर होण्याची नव्हेत. दोन्हींची गल्लत झाली की माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. कारण हॉस्पिटलातही सिनिअर बोलत नाही, तिथेही रात्री जागाव्या लागतात, आणि कागदपत्रं तर लॅबच्या दसपट.

ओळखायचा एक उपाय आहे. एखाद्या डॉक्टरच्या मागे काही दिवस नुसतं उभं राहायचं. नाट्यमय ऑपरेशन थिएटर नको. साधी ओपीडी घ्या. मधुमेहाचा सलग चौदावा पेशंट, तीच गोळी, तोच सल्ला, आणि तो सल्ला न पाळल्याची तीच कारणं. हे बघताना पाय दुखले तरी पंधराव्याचं काय झालं असेल असं वाटलं, तर पुढे बोलू. माझ्या मते हे एमकॅटच्या गुणांपेक्षा जास्त सांगून जातं, आणि बऱ्याच कॉलेजांना अर्जात असा अनुभव हवाच असतो.

मुलाखतीचं तंत्रही बदललंय. मॅकमास्टरमध्येच या शतकाच्या सुरुवातीला एक पद्धत तयार झाली: एका लांब मुलाखतीऐवजी बरीच छोटी टेबलं, प्रत्येकावर वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक, घंटा वाजली की पुढे. एका टेबलावर चिडलेला नातेवाईक, दुसऱ्यावर नैतिक पेच. लॅबवाले इथे एक चूक हमखास करतात. उत्तराआधी इतके जर-तर मांडतात की घंटा वाजते. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे पेपर वाचून चिरफाड करायच्या बैठकीत, त्याला बारकावा म्हणतात. इथे परीक्षकाला एवढंच कळतं की या माणसाला ठरवता आलं नाही.

पहिली वर्षं: ओळखीचं वाटतं तिथेच पाय घसरतो

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल कॉलेजांवर अहवाल लिहिला. ते स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. पहिली दोन वर्षं लॅबमधली शास्त्रं, पुढची दोन हॉस्पिटलात, हा साचा त्या अहवालानंतर पक्का झाला. आता त्यात बरंच सरमिसळ झालं असलं तरी सुरुवात अजून विज्ञानाचीच असते. म्हणून पीएचडीवाल्याला वाटतं, ही वर्षं तर हातचा मळ.

तसं होत नाही. पीएचडी म्हणजे एक खोल विहीर. तुम्हाला एका प्रोटीनच्या एका टोकाला फॉस्फेट कधी चिकटतं ते माहीत असतं. परीक्षेला विचारतात की खांदा निखळला तर कुठली नस दुखावते. ॲनाटॉमी तर बहुतेक मॉलिक्युलरवाल्यांनी कधी पाहिलेलीच नसते. त्यात प्रश्नांची तऱ्हा अशी: पाच पर्याय, "सर्वांत संभाव्य निदान कोणतं?" मी पहिल्या चाचणीत बाहेर आले तेव्हा माझं ठाम मत होतं की पाचही पर्याय बरोबर असू शकतात, परिस्थिती सांगा. गुण त्या मताच्या लायकीचेच पडले. संभाव्य या शब्दाचा अर्थ मी वाचलाच नव्हता.

तो अर्थ इथे थोडा सविस्तर सांगते, कारण लॅब आणि दवाखाना यांच्यातला सांधा नेमका इथे आहे. एक टेस्ट घ्या. आजार असलेल्या १०० पैकी ९९ जणांत ती पॉझिटिव्ह येते, आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९९ जणांत निगेटिव्ह. लॅबमध्ये अशी टेस्ट बनवली तर आपण पार्टी करू. आता ती अशा १०,००० लोकांवर वापरा ज्यांच्यात हजारात एकालाच आजार आहे. आजारी १०, ते बहुतेक सगळे सापडतील. निरोगी ९,९९०, आणि त्यांतल्या एक टक्क्याला, म्हणजे सुमारे १०० जणांना, टेस्ट उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह ११०, खरे १०. पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन समोर बसलेल्या माणसाला तो आजार असण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. हीच टेस्ट अशा ओपीडीत वापरा जिथे लक्षणं बघूनच निम्म्या लोकांना आजार असावा असं वाटतंय, तर पॉझिटिव्हचा अर्थ ९९ टक्के होतो.

टेस्ट तीच, रसायनं तीच. बदललं काय, तर टेस्टच्या आधी तुम्हाला पेशंटबद्दल काय माहीत होतं ते. लॅबमध्ये सॅम्पल बारकोड लावून येतं, त्यामागचा माणूस मुद्दाम झाकलेला असतो, आणि ते योग्यच आहे. दवाखान्यात तो माणूसच अर्धं उत्तर असतो. आणखी एक साधा हिशेब: रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बहुधा निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के घेऊन ठरवतात. म्हणजे ठणठणीत माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निदान एक तरी रेंजच्या बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. हे गणित लॅबवाल्याला चटकन कळतं. वॉर्डात तुमची पहिली खरी किंमत होते ती इथे, "हा आकडा कसा मोजला?" असं विचारणारे तुम्ही एकटेच असता तेव्हा.

हिस्टरी

आणि मग माणूस समोर येतो.

मी पहिली हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून त्याच्या आजाराची हकिकत, घेतली ती एका आजींची. दम लागतोय म्हणून भरती झालेल्या, ही तिसरी खेप. मी कागदावर प्रश्नांची यादी करून गेले होते, प्रोटोकॉल लिहावा तशी. कधीपासून, किती पायऱ्या, रात्री किती उशा, पायाला सूज, छातीत दुखणं. पंचवीस मिनिटं. आजींनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "तुझं विचारून झालं असेल तर मी सांगू का, काय होतंय ते?" त्यांना लघवी होण्याची गोळी चालू होती. लेकीकडे जायला बसचा लांब प्रवास, वाटेत सोय नाही, म्हणून त्या जायच्या-यायच्या दिवशी गोळी खात नसत. लेकीकडेही रात्री सारखं उठायला नको म्हणून खात नसत. घरी परतल्या की दम. फायलीत तीनही वेळा औषधाचा डोस वाढवलेला होता.

माझ्या यादीत "गोळ्या नियमित घेता का?" हा प्रश्न होता. त्यावर त्या "हो" म्हणाल्या होत्या.

प्रयोगात प्रश्न आपण ठरवतो आणि पेशी गप्प असतात. इथे उलटं. म्हणून शिकवताना सांगतात की पहिला प्रश्न उघडा ठेवा आणि थोडा वेळ तोंड बंद ठेवा. ऐकायला सोपं, करायला महाभयंकर अवघड.

हाताचंही तसंच. दहा मायक्रोलिटर न थरथरता सोडणारा हात पोट तपासताना दगडासारखा पडतो. छाती ठोकून आवाज ऐकायची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. वडिलांच्या खानावळीत दारूची पिंपं ठोकून किती भरलीत ते बघतात, तिथून त्यांना ती सुचल्याचं सांगतात. पिंपावर सराव करायची सोय आपल्याला नसते. आणि कॅन्युला, म्हणजे शिरेतली सलाइनची नळी, लावायला शिकवणारा सिनिअर तुमच्याहून सात वर्षांनी लहान असतो. त्याला "सर" म्हणायचं आणि मनापासून म्हणायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांची सगळी वर्षं त्यातच जळतात.

डॉक्टर न होताही

वैद्यकशास्त्राजवळ राहायला एमडीच लागतं असं नाही. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना मेडिकललाच जायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षय झाला आणि ते राहिलं. त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, मग संख्याशास्त्रात शिरले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत पेशंटची चिठ्ठ्यांसारखी निरपेक्ष वाटणी करण्याची आखणी त्यांची होती. आज औषध खरंच चालतं का हे तपासायचं झालं की त्याच रीतीकडे वळतात. क्लिनिकल बायोकेमिस्ट, जेनेटिक काउन्सेलर, मेडिकल फिजिसिस्ट, क्लिनिकल ट्रायल्सचं काम हे रस्ते आहेत. ब्रिटनमध्ये तर शास्त्रज्ञ डॉक्टर न होता पॅथॉलॉजीच्या रॉयल कॉलेजच्या परीक्षा देऊन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कन्सल्टंट पदापर्यंत जातात. पेशंट तपासायचाच आहे की पेशंटच्या उपयोगी पडायचं आहे, हे आधी स्वतःशी उलगडून घ्या. दुसरं असेल तर दहा वर्षं वाचतात.

परतीचा रस्ताही आहे. डॉक्टर होऊन पुन्हा संशोधन करणाऱ्यांची जात नामशेष व्हायला लागली आहे, असं अमेरिकेतले डॉक्टर-संशोधक जेम्स विनगार्डन यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि एमडी-पीएचडी एकत्र करणाऱ्यांसाठी अमेरिकेत १९६४ पासून सरकारी योजना आहे. तुमच्याकडे पीएचडी आधीच असेल तर रेसिडेन्सीनंतर ती शिळी झालेली असते, पण हात विसरत नाहीत.

राहता राहिलं लॅब सोडणं. गाइडला निर्णय झाल्यावर सांगू नका, अर्ज भरायच्या आधी सांगा. शिफारसपत्र त्यांचंच लागणार आहे आणि ते तुमच्या तिथल्या वर्षांचा एकमेव साक्षीदार असतात. अर्धवट पेपर कोण पूर्ण करणार, नावं कुठल्या क्रमानं येणार, हे तोंडी ठेवू नका. आणि मायनस ऐंशीच्या फ्रीजरमधल्या खोक्यांचा नकाशा काढून ठेवा: कुठला रॅक, कुठलं खोकं, कुठल्या ट्यूबवर "नवा क्लोन २" लिहिलंय आणि तो खरं तर जुना आहे. मी काढला नव्हता. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी, ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेला बाहेर उभी असताना मला फोन आला होता, त्या ट्यूबसाठी.